तेराचा पाढा आणि झोळी

मला बोलायला वेळ लागतो. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी वाक्य आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. तरीही एका हिवाळ्यात कोपरगावजवळ, ऊसतोड मजुरांच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्यांशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मी त्यांच्या मुलांना शिकवायला गेले.

वर्गातला सगळ्यात मोठा आवाज एका दहा वर्षांच्या मुलीचा. आईबाप उसाच्या फडात, त्यामुळे आठ महिन्यांचा भाऊ दिवसभर तिच्या कडेवर. तान्ही मुलं वर्गात आणायची नाहीत, असा नियम होता. मी तिला दोनदा दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी मी दारातून बाजूला सरकले. तिने छपराखालच्या पाइपाला आईच्या जुन्या साडीची झोळी बांधली, दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळली आणि पाटी काढली.

शुक्रवारी तपासणीला शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सर येणार होते. त्यांनी झोळी सोडायला लावली, तर तिची शाळा तिथेच संपणार होती.

त्या शुक्रवारी मी माझं लहानपणीचं पुस्तक नेलं. व्हिक्टोरियन काळातल्या इंग्लंडमधली मुलं. चालू यंत्राखाली रांगत कापूस वेचणारी, रांगेत उभं राहून गुरुजींना नखं दाखवणारी.

"अर्धा दिवस मिल, अर्धा दिवस शाळा," मी सांगितलं.

"मंग आमच्यावानीच की! ताई, त्यांना बी मुकादम हुता?" ती ओरडली.

"होता. कुणाला डुलकी लागली की मारायचा."

"आमचा तर सोताच झोपतोय!"

वर्ग खदाखदा हसला. पुढच्या पानावर बाकावर बसलेली एक मुलगी होती, मांडीवर बाळ घेऊन. झोळीवाली मुलगी पुढे वाकून ते चित्र निरखू लागली.

"हिला कुणी हाकललं न्हाई व्हय?"

"नाही," मी म्हणाले. माझे कान गरम झाले.

मग मुलांना तशीच शाळा खेळायची होती. पाठ ताठ, नखं पुढे, आणि एका सुरात तेराचा पाढा. तेवढ्यात सर आत आले. सगळा वर्ग ताडकन उभा राहिला, "नमस्ते सर!" तीही उठली. अंगठ्याची दोरी सुटली, झोळी थांबली आणि बाळाने टाहो फोडला.

"म्हणून नियम असतो, ताई," सर मला म्हणाले.

ती जागची हलली नाही. खाली मान घालून पुटपुटली, "तेरा एके तेरा." शेजारचा म्हणाला, "तेरा दुणे सव्वीस." मग सगळेच. एक्क्याण्णवपर्यंत पोचले तेव्हा बाळ मूठ चोखत होतं.

"झोळी मी बांधू दिली, सर," मी म्हणाले. वाक्य जुळवायचं राहूनच गेलं. "तो नाही आला, तर तीही येणार नाही. आणि त्याला झोपवता झोपवताच वर्गाला हा पाढा पाठ झालाय."

सरांनी झोळीत डोकावून पाहिलं. "याला फक्त तेराचाच लागतो?"

"चौदाचा बी चालंल," ती म्हणाली, "पर आमालाच येत न्हाई."

सर हसले. "मग सोमवारी चौदाचा ऐकतो. आणि झोळी त्या पलीकडच्या पाइपाला बांध, हा गंजलाय."

सर गेल्यावर तिने झोळी हलवली, दोरी पुन्हा अंगठ्याला गुंडाळली. "ताई, चौदाचा सांगा."

मला चौदाचा पाढा फक्त इंग्रजीत येत होता. मी सुरू केला, "फोर्टीन वन्स आर फोर्टीन..." मुलं एकमेकांकडे बघून हसली, मग माझ्यामागून म्हणू लागली. झोळी त्याही चालीवर हलत राहिली.