रिवाइंड करून पाठवलेली कॅसेट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार इंगळे सरांचे. आई-वडील दोघंही मजुरीला जायचे. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो सरांमुळे. दहावीपर्यंत त्यांच्याच ओसरीवर अभ्यास केला, त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या हातची भाकर खाल्ली. भूत, चमत्कार, अंगात येणं यातलं काहीही मानायचं नाही, हेही सरांनीच शिकवलं. मी कधी मानलंही नाही... म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय.

मी मेहकरला एका खासगी एफएमवर निवेदक आहे. दुपारी एकला फर्माइशीचा कार्यक्रम करतो. खरं सांगतो – फर्माइश बिर्माइश काही नसते. यादी पुण्याहून येते. तीच ती गाणी, फिरवून फिरवून. लोक व्हॉट्सॲपवर लावणी मागोत, भीमगीत मागोत, गझल मागोत. मी त्यांचं नाव घ्यायचं आणि यादीतलं पुढचं गाणं सोडायचं. सुरुवातीला "यांच्या खास आवडीचं" म्हणताना जीभ अडखळायची. पुढे अडखळेनाशी झाली. मला किळस त्याचीच जास्त येते.

काकू गावच्या गायन मंडळात भीमजयंतीला गायच्या. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला. सरांनी काकूंच्या गाण्याची जुनी कॅसेट पाठवली. पाकिटाला सरांच्या सवयीप्रमाणे स्टेपलरच्या चार पिना, आणि वर सुंदर अक्षरात – 'रिवाइंड करून ठेवली आहे, थेट लाव. काकूला एकदा स्वतःला रेडिओवर ऐकायचं आहे.'

मॅनेजर साहेबांना विचारलं. ते हसले.

"अरे, लोकांना ओळखीचं गाणं लागतं. हे कोण ऐकणार? म्हातारीचं नाव घेऊन टाक, तेवढ्यावर खूश होईल."

आणि मी पाकीट न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकलं! मंगळवारी काकूंचं नाव घेतलं आणि यादीतलं एक धांगडधिंगा गाणं सोडलं. हेडफोनमध्ये तेच वाजत होतं.

गाणं संपायच्या आत लोणारहून एका हॉटेलवाल्याचा फोन. "भाऊ, कोन बाई गाऊन राह्यली हे? गिऱ्हाइकं चहा सोडून चूप बसले ना!"

"कोणती बाई?"

"काऊन मजाक करता राजेहो! पुन्हा लावा बरं."

मग आणखी दोन फोन तसेच. आणि मग सरांचा. "लावलंस रे बाबा! काकू रडून राह्यली. पाटीवर लिहून दाखवलं तिनं मले – माझाच आवाज."

मी म्हणालो, "हो सर."

स्टेशनवरून जे प्रसारित होतं त्याचं रेकॉर्डिंग आपोआप होतं. आमच्या टेक्निशियन नीलेशनं ते ऐकवलं. "तेच धांगडधिंगा आहे बे. तुले झोपीची गरज आहे." मी ड्रॉवर उघडला. चारही पिना जशाच्या तशा. पाकीट फोडलं तर टेप सगळी दुसऱ्या चाकावर गेलेली – शेवटपर्यंत वाजलेल्या कॅसेटसारखी. आमच्या ऑफिसात कॅसेट प्लेअरच नाही.

साहेबांच्या कानावर गेलं तर ते खुर्चीत सरसावले. "भुताची फर्माइश! आठवडाभर प्रोमो चालवू. दे ती कॅसेट."

"साहेब, काकू जिवंत आहेत."

"मग तर स्टुडिओतच बसवू."

मी कॅसेट दिली नाही. नोकरीचं काय होतं ते बघू. या प्रकाराचं कारण मात्र आजही सापडलेलं नाही. घरी येऊन सरांना लिहिलेलं पत्र खाली देतो.

आदरणीय सर,
सप्रेम जयभीम.
त्या दिवशी फोनवर मी 'हो' म्हणालो, ते खोटं होतं. काकूंचं गाणं मी लावलं नाही. त्यांचं नाव घेऊन दुसरंच लावलं. रोज सगळ्यांना असंच फसवतो. तुमचं पाकीट मी उघडलंसुद्धा नव्हतं. मग तुम्ही दोघांनी काय ऐकलंत, मला माहीत नाही. तुम्ही कारण शोधायला शिकवलंत. शोधलं, सापडलं नाही. काकूंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. कॅसेट सोबत पाठवतो आहे. मी ती रिवाइंड केलेली नाही. आधी हातात घेऊन बघा, मगच मला फोन करा.
तुमचा विद्यार्थी,
संजय