शेजारचा जनरेटर

लोहगडवाडीत एका मावशींच्या चहाच्या टपरीत मी एकदाच बसलो. भर दुपारी धुकं इतकं दाट होतं की शेजारची टपरी दिसत नव्हती, फक्त तिथला पेट्रोलवरचा जनरेटर ऐकू येत होता. मावशींचा दिवा मात्र पत्र्यावरच्या सोलर पॅनलवर मंद जळत होता.

"धुक्यात चालतं का हे?" मी विचारलं.

"कमी चालतं. पर कुणाला मारत न्हाई."

चहा ओतता ओतता त्यांनी सांगितलं. एका पावसाळ्यात वीज गेली, बाहेर झड लागलेली, म्हणून त्यांच्या नवऱ्यानं जनरेटर घरात घेतला आणि दार लावून तो झोपला; विषारी धूर आतच कोंडला. "मी माहेराहून आले तवा जनरेटर चालूच होता. मला वाटलं, निजल्यात."

बोलता बोलता त्या थांबल्या. शेजारच्या जनरेटरचा आवाज एकदम दबका झाला होता, कुणी दार ओढून घ्यावं तसा. मावशी उठल्या आणि दोन पावलांत धुक्यात दिसेनाशा झाल्या.

दार उघडल्याचं ऐकू आलं. जनरेटर बंद पडला.

"भाऊ, ऐकतोस का?"

मी कप ठेवून उभा राहिलो.

"भाऊ?"

"व्हय मावशी," एक जड आवाज आला. "डोकं लय दुखतंय."

त्याला बाहेर वाऱ्यावर बसवून त्या परतल्या.

"दरसाली सांगते, पॅनल बसव. म्हणतो, पुढल्या साली."