रामूच्या शाखेतला एक डॉलर

माझा धाकटा चुलतभाऊ रामू एका मंगळवारी सकाळी वारला. त्या वेळी तो तंजावुरात, राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीत, स्वतःच्या ओट्यावर कॉफी पीत बसला होता. घरात आजवर सगळे इंटरनेटला दोष देत आलेत. इंटरनेटचा काही दोष नाही. ते मी केलं.

रामूने आमची वंशावळ एक्सेलमध्ये बसवली होती. सगळ्यात वर पणजोबा, त्यांच्याखाली जरा आत सरकवलेली मुलं, त्याच्याही आत नातवंडं. ज्याच्या त्याच्या फोनवर ती दिसे. झालं! लग्न असो, श्राद्ध असो, पंगतीत एकच विषय: "रामूचं शीट बघितलंत?" मी जन्मभर गणित शिकवलं, पण माझं नाव पंगतीत कधी निघालं नाही. (एकदा निघालं होतं. मी पायसम तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा.)

म्हणून ठरवलं, या पांढऱ्याफटक शीटला रंग आपण द्यायचा! अट अशी घातली: ज्याच्यापुढे 'वारले' लिहिलंय, त्याची ओळ आपोआप राखाडी. वर ठळक अक्षरांत टीपही दिली, 'राखाडी म्हणजे दिवंगत'. आणि प्रयोग रामूच्या शाखेवर केला. (बिघडलं तर त्याचं बिघडू दे!)

सूत्रात डॉलरचं चिन्ह फक्त रकान्याच्या अक्षराआधी हवं होतं. मी उत्साहात ओळीच्या आकड्याआधीही ठोकलं. त्यामुळे प्रत्येक ओळ स्वतःकडे बघायचं सोडून सगळ्यात वर, पणजोबांकडे बघू लागली. आणि पणजोबा अर्थातच वारलेले! रामू, त्याची मुलं, नातवंडं, सगळी शाखा राखाडी. मी मात्र न बघताच आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर बायको दारात.

"अहो, तिरुचीहून मंजुळाअक्कांचा फोन! रामूभावजी गेले म्हणे! त्यांनी शीटवर बघितलं, डोक्यावरून आंघोळसुद्धा केली!"

अक्का आमची सगळ्यात थोरली बहीण. तिने सुतक धरलं म्हणजे चेन्नईपर्यंत सुतक! शुक्रवारी रामूच्या नातीचा, वसूचा साखरपुडा. आचाऱ्याला 'येऊ नको' असा निरोप गेलासुद्धा. तेवढ्यात कुंभकोणमहून मुलाकडचे: "अहो, आमची होणारी सूनही राखाडी दिसतेय!"

मी ओल्या पंच्यानिशी रामूकडे धावलो. वसू कोपऱ्यात रडत होती, आणि रामूच्या हातातल्या फोनमधून अक्का.

"अय्यो, केवढा मोठा माणूस! अस्क्या घराण्याला, सगळ्यांना एकत्र आणलंन त्याने!"

"अक्का, मीच बोलतोय, रामू."

"तू कोण मध्ये बोलणारा? रडू दे मला!"

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. पण माझ्या मनात आलं, माझ्यासाठी अक्का इतकी रडेल?

रामूने कॉफी खाली ठेवली, लॅपटॉप उघडला आणि एक डॉलर पुसला. शाखा पांढरी झाली. मग तीच अट त्याने सगळ्या शीटला लावली.

"अण्णा, हा डॉलर कोणी घातला?" त्याने माझ्याकडे बघत विचारलं.

"इंटरनेटने," मी म्हणालो.

आचारी परत आला, साखरपुडा थाटात झाला. आणि पंगतीत काय? "रामूने अस्क्यांना जिवंत केलं!"

मला राहवेना. पुढच्याच आठवड्यात मी माझ्या नावापुढे 'वारले' लिहिलं. ओळ झक्क राखाडी झाली. मग फोन मांडीवर घेऊन बसून राहिलो. संध्याकाळी अक्काचा फोन आला. आवाज न करता उचलला.

"कुप्पू," अक्का म्हणाली, "रामूला सांग रे, त्याचं शीट परत बिघडलंय."