पावडरचा वास

सर्वेवाली मुलगी आमच्या मजल्यावर आल्याचं कळलं, तशी परवा मी तोंडाला थोडी पावडर लावली आणि दार उघडून उभी राहिले. ती शेजारच्यांची बेल वाजवत होती. "काकू, तुमचं घर सॅम्पलमध्ये नाहीये," ती हसून म्हणाली. तिचं बरोबरच होतं. मुलुंडच्या या घरातून कॉलेजात जाऊन मी आयुष्यभर हेच शिकवलं. पण दार लावलं, स्वतःच्याच पावडरचा वास आला, आणि माहुलची ती गल्ली समोर उभी राहिली.

तेव्हा मी संख्याशास्त्रात नुकती एम.एस्सी. झाले होते. बायकांच्या कामाचा सर्वे होता, दर पाचवं घर घ्यायचं. मधल्याच एका दारात एक कोळीण उभी होती. आम्ही येणार म्हणून तिने बाजारातून आल्या आल्या अंघोळ करून साडी बदलली होती. वाळत घातलेल्या मासळीच्या वासातही तिची पावडर जाणवत होती.

"माझं पण लिही ना, बाय. मला लय सांगायचंय."

मी तिला नियम समजावला. मनाला येईल ते घर घेतलं तर निष्कर्ष चुकतात, म्हटलं. किती सोपं करून सांगितलं, याचा मला केवढा अभिमान. पुढे दरवर्षी वर्गात मी तो किस्सा सांगायचे आणि मुलं हसायची.

माझा नियम ऐकून ती कोळीण म्हणाली होती, "बरं, नको लिहू. जरा बस तरी."

हे मात्र मी वर्गात कधीच सांगितलं नाही.