खाचा मोजणारे आबा

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी फलटणच्या शाळेत फळ्यावर गणित सोडवत होतो. फोन ठेवला आणि उरलेलं गणित पुरं केलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... तीन आठवडे गप्प बसलो. आता बोलतो.

आबा माझे चुलते. मूळचे माणचे, फौजेत बंदुका दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर पलूसला एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना रायफलची नेमबाजी शिकवू लागले. रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात म्हणून ती सरळ जाते. आबांचा सगळा जीव त्या खाचांत अडकलेला. कुणी रायफल आणली की नळी उजेडाकडे धरून आधी खाचा मोजायचे, आणणाऱ्याचं नाव मागाहून विचारायचे. "जितक्या जास्त खाचा तितकी पकड. चार खाचांची नळी म्हंजी म्हातारीचं तोंड!" त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. आबांचा हेका म्हणजे हेका.

मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्यांच्या शेडमधला सगळ्यांत चांगला नेमबाज. हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलेलं. वर्षभर मी एका जुन्या, चार खाचांच्या रायफलीवर सराव केला होता. तिला मानवणारी काडतुसं शोधण्यातच दोन महिने गेले होते. राज्याच्या निवड चाचणीच्या आदल्या सकाळी आबांनी ती काढून घेतली आणि नवीकोरी, आठ खाचांची हातात दिली.

"आबा, उद्या चाचणी हाय. हिला कुठली काडतुसं चालत्यात ते तरी बघू द्या."

"जुनीच घे रं, दत्ता. आठ खाचा हायत, समदं सांभाळून घेत्यात. डोळं झाकून मारलास तरी मदी लागंल."

चाचणीत मी डोळे उघडे ठेवून गोळ्या मारल्या. एक वर, एक खाली, एक पार कडेला... निवड हुकली. परतताना जीपमध्ये सगळ्यांसमोर आबा म्हणाले, "रायफल बेस हाय. पोराचा हातच कापतोय." ते वाक्य माझ्याआधी पलूसला पोचलं. लग्नाच्या पंगतीत लोक मला भरलेली वाटी जपून धरायला सांगत. पुढे मलाही ते खरं वाटू लागलं. रायफल सुटली ती सुटलीच. बावीस वर्षं झाली, अजून फळ्यावर रेघ ओढण्याआधी मी हाताकडे बघतो.

तेराव्यानंतर काकूंनी बोलावलं. "त्यांचं कागद तेवढं बघ बाबा. मला काय कळतंय त्यातलं?" कपाटात निशाणाचे तीन कागद एकत्र टाचलेले होते. तारीख चाचणीनंतरच्या आठवड्यातली. आबांनी दोन्ही रायफली शिकंज्यात घट्ट आवळून, माणसाचा हात न लावता, तपासल्या होत्या. प्रत्येकीला मानवणारं काडतूस घातल्यावर दोन्हींच्याही भोकांचा झुपका कोटाच्या बटणाखाली झाकला जाईल एवढाच. तिसऱ्या कागदावर नवी रायफल आणि माझी जुनी काडतुसं. भोकं विखुरलेली, थेट माझ्या चाचणीसारखी. खाली आबांचं अक्षर : "खाचांचा संबंध नाही. काडतूस मानवलं नाही. पोराची चूक नाही."

मला त्या क्षणी आबा जिवंत हवे होते. भांडायला.

"ह्यो कागद व्हय?" काकू म्हणाल्या. "दर खंडेनवमीला रायफलीसंगं ह्यो बी पूजंत मांडायचं. हळदकुंकू व्हायचं, हात जोडायचं. इचारलं की म्हणायचं, दत्ताचा हाय."

कागदाच्या कोपऱ्यावर हळदीचे थर चढले होते. बावीस वर्षं हा माणूस कागदाच्या पाया पडत राहिला. मला एक फोन करणं त्याला जमलं नाही. याला पश्चात्ताप म्हणायचं असेल तर लोकांनी खुशाल म्हणावं. मी भित्रेपणा म्हणतो.

"आता कुठं ठेवू?" काकूंनी विचारलं.

"शेडमधी, आबांच्या फोटोशेजारी लावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचू द्या."

काकू खिळा शोधायला उठल्या.