अलेक्झांड्रिया, पनवेलमार्गे

पनवेल तालुक्यात इजिप्त देशाची काळजी पूर्णवेळ वाहणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. तिकडे कैरोत कोणी राजीनामा दिला की इकडे विचुंब्यात मामांना जेवण जात नसे. तिकडे पावाची टंचाई झाली की मामा आमच्या ताटातल्या चपातीकडे असे बघत की आम्हालाच अपराधी वाटे. मूळचे मामा उरणजवळच्या करंज्याचे कोळी. भाऊ, चुलते सगळे मासेमारीत. मामा मात्र विसाव्या वर्षी परदेशी बोटीवर भंडारी, म्हणजे आचारी म्हणून चढले ते साठीलाच उतरले, आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये आमच्या डोक्यावरचा फ्लॅट घेऊन राहिले. मामी लवकर गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. जगातली शंभरेक बंदरं त्यांनी पाहिली होती. न्यूयॉर्क कसं आहे विचारलं तर म्हणायचे, "ठीक हाय. थंडी लय." सिंगापूर? "साफ हाय." आणि चुकून अलेक्झांड्रियाचं नाव निघालं की खुर्ची ओढून घ्यायचे, आणि मग विचारणाऱ्याची संध्याकाळ गेली म्हणून समजावं.

त्यांच्या घरात दोन घड्याळं होती. एक आपलं, आणि दुसरं इजिप्तचं, साडेतीन तास मागे. पाहुणा बिचारा मागच्या घड्याळात वेळ बघून निवांत बसून राही आणि त्याची पुण्याची गाडी चुके. कॉफी ते लांब दांडीच्या पितळी भांड्यात उकळत आणि ती इतकी घट्ट असे की ती प्यायची की खरवडायची, असा प्रश्न पडे. कुठलाही विषय ते तीन वाक्यांत अलेक्झांड्रियाला नेऊन पोचवत. पनवेलच्या मासळी बाजारात कोळणीच्या पाटीतली बोय मासळी उचलून ते तिला सांगत, "याला तिकडं बुरी म्हंतात. भाजून खातात, वरती जिरा आन् लिंबू." ती म्हणे, "मामा, घ्यायची हाय का नाय ते सांगा." एकदा तर त्यांनी गॅलरीत इजिप्तचा झेंडा लावला. लाल, पांढरा, काळा. वॉचमन वर आला आणि अदबीनं विचारू लागला, "मामा, ह्ये कुठल्या पक्षाचं? आमच्याकडं अजून पैसे वाटायला कोनी आलं नाय."

या वेडामागे कारण होतं. मामांची एक बोट कोर्टकचेरीत अडकून अलेक्झांड्रियाच्या बंदरात सात महिने बांधून पडली होती. त्यात मामांना टायफॉइड झाला. बंदराजवळ हसन नावाच्या माणसाचा कहवाखाना होता. मामा तिथे रोज जायचे, एवढीच ओळख. दोन दिवस मामा दिसले नाहीत तेव्हा हा हसन बोटीवर चौकशीला गेला आणि तापानं फणफणलेल्या मामांना खांद्याला धरून स्वतःच्या घरी घेऊन आला. तीन आठवडे त्याच्या बायकोनं मामांना पेज भरवली. त्याची चार वर्षांची मुलगी सलमा पलंगाच्या कडेला बसून मामांच्या हातावरचं गोंदण पुसायचा प्रयत्न करायची. "काय हाक मारू?" तिनं विचारलं असावं, आणि मामांनी जे एकच उत्तर त्यांना सुचलं ते दिलं. मामा त्यांना सगळं पनवेल म्हणे, पण तेव्हापासून माझ्या बायकोखेरीज भाचीच्या हक्कानं म्हणणारी जगात दुसरी एकच होती. हसनला मामा हसनशेट म्हणत, कारण पनवेलात हॉटेलवाल्याला दुसरं काही म्हणता येत नाही.

मी घरी इंटरनेट घेतलं आणि मामांचा शुक्रवार आमच्याकडे आला. कम्प्युटरवरून फोन लावून द्यायचं काम माझं. आधी हसनशेट, मग सलमा, अर्धा-अर्धा तास. बोलणं बोटीवरच्या इंग्रजीत, मध्ये अरबी, आणि राग आला की करंज्याची कोळी बोली, जी समोरच्याला सगळ्यात चांगली समजत असे. तिकडे क्रांती झाली तेव्हा सलमा चोवीस वर्षांची होती, औषधांच्या दुकानात कामाला. ती अलेक्झांड्रियातल्याच चौकात धरणं धरून बसली, ती उठेचना. त्या दिवसांत मामांनी दाढी केली नाही. शेवटी तिथली जुनी सत्ता कोसळली तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना वडाळे तलावावर नेऊन भेळ खाऊ घातली आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला बजावलं की आता निवडणूक होणार आहे, तयारीत राहा.

निवडणूक झाली. शेवटच्या फेरीत दोनच उमेदवार उरले. एक जुन्या राजवटीतला, आणि दुसरा धर्माच्या नावावर राज्य चालवू पाहणाऱ्या पक्षाचा. तलावाच्या काठावर मामांची चार म्हाताऱ्यांची बैठक होती. तिथे आठवडाभर दुसरा विषय नव्हता. निकाल लागला त्या रविवारी संध्याकाळी मामा टीव्हीसमोर उभे राहूनच बातम्या बघत होते. धर्मवाला आला. मामा धावत खाली आले. "जावईबापू, हसनशेटचा मानूस आला!" मामांना राजकारण फारसं कळत नव्हतं, पण हसनशेट कळत होता. जुन्या राजवटीत पोलीस त्याच्या दुकानात कधीही शिरत. त्याचा भाऊ केवळ दाढी ठेवून नमाजाला नियमित जातो म्हणून चार वर्षं तुरुंगात होता, आणि बाहेर आला तो पुन्हा कुणाशी मोठ्यानं बोलला नाही. आपल्यासारखा माणूस एकदा तरी त्या राजवाड्यात बसावा, एवढंच हसनशेटला हवं होतं. मामांनी त्या रात्रीच्या जेवणाआधी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. लोकांनी घेतले. नात्यात कुणाचं लग्न ठरलं का, असं एकीनं विचारलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तलावावर मात्र रण माजलं. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ म्हणाले, "संपली तिथली लोकशाही." शाळामास्तर म्हणाले, "अहो, मतं मोजून आलाय. हीच लोकशाही. आवडली नाही म्हणून तिचं नाव बदलतं का?" त्यावर पहिले म्हणाले की दारातून आलेला माणूस पुढे दारच बंद करतो. आता सगळे बेकरीवाल्या चाचांकडे बघू लागले. चाचा पनवेलचे जुने कोकणी मुसलमान. "माझ्याकडे का बघता?" चाचा म्हणाले. "मी त्या मुलुखात गेलो नाय कधी. इन्साफानं राज्य केलं तर अल्ला त्याला बरकत देवो, नाय केलं तर लोक आहेतच. माझा सवाल फक्त एवढा, की या मामांनी आम्हाला पेढा का नाही दिला?" सगळे हसले. मामाही हसले, पण त्यांना निर्णय द्यायचा होता. या विषयातले ते तज्ज्ञ. "थांबा," ते म्हणाले, "मी घरी इचारतो." घरी म्हणजे अलेक्झांड्रियाला.

शुक्रवारपर्यंत त्यांना धीर निघाला नाही. त्याच संध्याकाळी मी सलमाला फोन लावून दिला. मामांनी उत्साहानं पहिल्याच वाक्यात पेढ्यांचं सांगून टाकलं. पलीकडून तिचा आवाज आला. "मामा, माझ्याबरोबर चौकात बसलेला एक मुलगा परत आला नाही. तो यासाठी गेला नव्हता. तू मिठाई वाटलीस?" तिनं मतपत्रिकेवर दोन्ही नावांवर काट मारली होती. वडिलांनी कहवाखान्यात सरबत वाटलं तेव्हा ती आत जाऊन दार लावून बसली. वडील म्हणाले, तुझं फुकट घालवलेलं मत तुरुंगवाल्यांना गेलं. ती म्हणाली, तुम्ही आमची क्रांती विकलीत. झालं. तेव्हापासून बोलणं बंद. मामांनी फोन ठेवला. "चुकलाच माझा," ते म्हणाले. "मना वाटला, एका घरान् एकच आनंद आसतो."

त्यानंतर जे सुरू झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुणी सांगून खरं मानलं नसतं. एका घरात राहणारी ती दोन माणसं एकमेकांशी बोलेनात, आणि आई मध्ये पडायला राहिली नव्हती, ती दोन वर्षांपूर्वीच वारली होती. मग हसनशेट मामांना म्हणे, "तिला सांग, रात्री उशीर करू नकोस." मामा मला म्हणत, "लावा." मी सलमाला फोन लावी. ती म्हणे, "त्यांना सांग, रक्तदाबाची गोळी कपाटावर ठेवली आहे, घेतली का?" की पुन्हा हसनशेट. शुक्रवारचा फोन रोजचा झाला. अलेक्झांड्रियाच्या एका खोलीतून शेजारच्या खोलीत निरोप जायचा तो नवीन पनवेलजवळच्या विचुंबे गावातून. एकदा तिकडे गॅस बंद करायचा राहिला होता, तो आमच्या बिल्डिंगमधून बंद झाला. इंटरनेट गेलं की माझ्या बायकोला काळजी लागे, "अगंबाई, आता हसनशेट जेवले की नाही ते कसं कळणार?"

तलावावर मामांना लोक विचारत, "मग काय ठरलं? तुम्ही कुणाच्या बाजूचे?" आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत बाजू घेतलेला हा माणूस. टोमॅटो घालून आमटी करणाऱ्यांच्या विरुद्ध त्यांची बाजू होती, लुंगीवर बेल्ट बांधणाऱ्यांच्या बाजूनं ते भांडले होते. पण या प्रश्नाला ते म्हणत, "मना दोघाव बरोबर दिसतात वो. तेच तर वाईट हाय."

दोन महिने असे गेले. माझ्या लक्षात येऊ लागलं होतं की निरोप मामांच्या तोंडातून निघताना थोडे गोड होऊन निघतात. 'कांदा जास्त झाला होता' याचं 'भाजी आईसारखी झाली होती' असं व्हायचं. एके दिवशी तर त्यांनी कमाल केली. सलमा रडत होती आणि म्हणत होती, बाबांना मी चौकात बसले तेच कधी आवडलं नाही. मामा एकदम म्हणाले, "नाय गो. तुजा बाबा सांगत व्हता, तू बसलेली तवा तो रोज सांजचा तितं यायचा. लांबशी उभा राहून तुला बघायचा आन् घरी जायचा." मी चमकून मामांकडे पाहिलं. असं काहीही हसनशेट बोलला नव्हता; निरोपांचे सगळे फोन मीच लावून शेजारी बसून ऐकत होतो. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

"मामा, हे काय केलंत?" मी म्हटलं. "ती जाऊन विचारणार!"

"इचारू दे," मामा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "मना पोर नाय. पन आसती, तर मी तेच केला आसता. म्हनून सांगितला."

पंधरा मिनिटांनी तिकडूनच फोन आला. हसनशेट ओरडत होता. मामा मान खाली घालून शिव्या खायला तयार बसले. पण शिव्या वेगळ्याच होत्या. "तुला कोणी सांगितलं?" तो विचारत होता. "मी एकाही माणसाला बोललो नव्हतो. कोपऱ्यावरच्या त्या सिगारेटच्या टपरीमागे मी उभा राहायचो, तिथे मला कोणी पाहिलं? बोल!" आणि मग त्याच फोनवर, अगदी जवळून, सलमाचा हुंदका ऐकू आला, आणि ती अरबीत वडिलांना काहीतरी बोलली. मामांनी माझा हात घट्ट धरला. "एका खोलीन् हायत," ते कुजबुजले. "जावईबापू, दोघाव एका खोलीन् हायत."

मत कुणाचंच बदललं नाही. दोघं भांडत राहिले, पण समोरासमोर, आमच्या मदतीशिवाय. वर्षभरात तिकडे पुन्हा उलथापालथ झाली, रणगाडे आले, हसनशेटचा माणूस राजवाड्यातून तुरुंगात गेला. हसनशेट महिनाभर दुकानात गेला नाही. मामांनी भीत भीत सलमाला विचारलं, तर ती म्हणाली, "मला तो नको होता, मामा. पण असा जायला नको होता." तेव्हा रोज सकाळी दुकानाची फळी तीच उघडत होती, कामावर जाण्याआधी. मामांनी हे तलावावर सांगितलं. चाचा म्हणाले, "लेक चांगली निघाली."

मामा गेल्या वर्षी गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. शेवटी शेवटी शुक्रवारचा फोन त्यांच्या मोबाइलवर येई; तो मी चार्ज करून ठेवला होता, कारण शुक्रवार येणार हे मला माहीत होतं. तो आला. मी इंग्रजीत, जमेल तसं, सलमाला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली की बाबा आता फार थकलेत, त्यांना ती जवळ बसून सांगेल. फोन ठेवावा असं दोघांनाही वाटत नसावं. मग तिनं विचारलं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? टेरेसवरची टाकी अजून गळते का? माझ्या बायकोचा बी.एड.चा निकाल? मी थक्क होऊन उत्तरं देत होतो. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की मामा आम्हाला इजिप्त सांगतात. तिकडे ते काय सांगत होते ते आम्ही कधी ऐकलंच नाही, शुक्रवारच्या त्यांच्या अर्ध्या तासात आम्ही चहा करायला आत जायचो.

"आणि तुम्ही," ती जरा संकोचून म्हणाली, "सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही चेअरमनपदासाठी उभे होतात ना? काय झालं?"

"पडलो," मी म्हटलं. "चार मतांनी."

"वाईट वाटलं," अलेक्झांड्रियाहून ती म्हणाली, आणि खरंच वाटलं असावं, कारण थोडं थांबून तिनं विचारलं, "जे निवडून आले, त्यांच्याशी तुम्ही बोलता ना?"