आक्काची मिसरी आणि पांढरे दात

दात पांढरे करून घ्यावेत हा विचार आक्का गेल्यावर मनात आला. ती असताना कधी आला नव्हता. माझ्या दातांकडे न बघता माझ्याशी बोलणारं माणूस तेव्हा घरात होतं.

आम्ही दोघी बहिणी निपाणीकडच्या. तिथल्या बायका सकाळी मिसरी लावतात. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, त्याची पूड करायची आणि बोटानं दातांवर घासत बसायचं. आक्काचं बघून मीही लहानपणीच सुरू केलं. पुढे मी बेळगावात हायस्कूलला मराठी शिकवू लागले. नवरा गेल्यावर आक्का माझ्याकडे बेळगावच्याच शहापूर भागात राहायला आली, आणि मागच्या दारच्या पायरीवर आमची मिसरी चालू राहिली. तोंड भरलेलं असताना शब्द फुटत नाहीत, म्हणून आक्का हनुवटी वर करून नुसत्या ऊं-आं मध्ये बोलायची. मला सगळं कळायचं. दूध आलं नाही, शेजारणीचं सुनेशी बिनसलंय, आज भाकरी नको, भात टाक.

शाळेत मात्र मी ओठ मिटून असायचे. हसू आलंच तर फळ्याकडे वळायचे. बाई हसत न्हाईत, असं मुलं म्हणत.

आक्का गेली आणि माझं बोलणंच थांबलं. काही महिन्यांनी शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे शनिवारी काही बायका पुस्तकं वाचायला जमतात, तुम्ही काहीतरी वाचून दाखवा म्हणाल्या. मला जायचं होतं. पण अनोळखी बायकांसमोर तोंड उघडायचं, या कल्पनेनं मी बघते म्हटलं आणि दातांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण मुलगी होती, बाहेरच्या पेशंटशी कानडीत बोलत होती. मिसरी लावता का, असं तिनं मराठीत विचारलं. मी म्हटलं, कधीतरी.

"आज सकाळीच लावलीय की, काकू," ती मास्कमधून हसली. "वास येतोय."

मग तिनं नीट समजावलं. वरचे काळे डाग दात साफ केल्यावर निघतील. दाताचा मूळचा पिवळेपणा घालवायचा तर वेगळं औषध लावावं लागतं, आणि त्याचा खर्च साफ करण्याच्या कितीतरी पट. माझ्या हिरड्या खाली गेल्यात, त्यामुळे दात काही दिवस शिवशिवतील आणि मुळाकडचा भाग पिवळाच राहील. शिवाय मिसरी सुटली नाही तर पैसे पाण्यात. आज फक्त साफ करू, दोन आठवडे मिसरी बंद ठेवा, मग ठरवा.

साफ केल्यावर जीभ तोंडात फिरत राहिली. दातांमध्ये फटी होत्या, त्या मला माहीतच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सवयीनं पायरीवर बसले. ब्रश करून लगेच झालं. मिसरीला अर्धा तास लागायचा, तो अर्धा तास समोर तसाच पडून राहिला. आक्कानं शेवटची भाजलेली मिसरी डब्यात निम्मी शिल्लक होती. दात पांढरे करायचे म्हणजे तिला पुन्हा हात लावायचा नाही.

त्या आठवड्यात शेजारीण चिमूटभर मिसरी मागायला आली. आक्का असताना ती रोज यायची. पायरीवर बसून तिनं भरल्या तोंडानं सुनेची सगळी कथा सांगितली, आणि मला शब्द न् शब्द कळला. पिचकारी टाकून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"दात घासून आणलास व्हय गं?"

मी पुढचं औषध आणि त्याचा खर्चही सांगितला.

"एवढं कुणाला दावायचं हाय?"

तिनं चेष्टेनंच विचारलं होतं. मी मिसरीच्या डब्याचं झाकण लावलं.

ठरल्या दिवशी डॉक्टरनं दातांच्या रंगांची पट्टी माझ्या ओठाशी धरली आणि कुठवर जायचं ते विचारलं. पट्टीवरचे दात एकापेक्षा एक पांढरे होते. ते तोंडात घेऊन घरी गेले तर कोण बघणार, तेवढंच मनात आलं. मी म्हटलं, नको, आहेत तेवढे पुरे. मिसरी कायमची सुटेल असा शब्द देववत नाही. ती म्हणाली, दातांचं राहू दे, पण मिसरी सोडा, तोंडाला चांगली नाही. ते तिचं खरंच होतं. अजून तरी मी स्वतःसाठी डबा उघडलेला नाही.

शनिवारी गेले. सुरुवातीला पुस्तक तोंडासमोर धरून वाचत होते. मागून एक आजी म्हणाल्या, ऐकू येत नाही. मग पुस्तक खाली केलं. एका विनोदी प्रसंगावर सगळ्या हसल्या, मीही हसले, ओठ मिटायचे राहून गेले. चहा घेताना एकीनं विचारलं, पुढच्या वेळी काय वाचणार?

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. कुलूप काढता काढताच मी आक्काला सांगायला सुरुवात केली होती. आत पाऊल टाकल्यावर दिवा मीच लावला.